कोब्यावरचा बर्फ

१५ जून

शीलाची परीक्षा संपली. गुलबर्ग्याचं वसतिगृह सोडून ती आज मन्नाएखेळ्ळीला घरी आली. गादी, ट्रंक, पुस्तकांची पिशवी आणि एका गोणीत बांधलेले बूट. बूट घोट्याच्या वरपर्यंत येणारे, कडक प्लास्टिकचे. तळाला चार चाकं, तीही एकामागे एक. दोन बाजूंना असती तर मला कळलं असतं. एका ओळीतल्या चाकांवर माणूस उभा कसा राहतो?

"हे कशाला गं?"

"बर्फासाठी, अप्पा."

पंख्याची हवासुद्धा गरम लागत होती. 

मग तिने नीट सांगितलं. फेब्रुवारीत ती एनसीसीतून हिमाचलला जाऊन स्कीइंग शिकून आली होती. पायाला लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत यायचं. तिथल्या उस्तादांनी तिला जानेवारीत पुढच्या वर्गाला बोलावलं आहे. पण पहिल्याच दिवशी चाचणी असते, तोल विसरून आलेल्याला परत पाठवतात. वर्ग पूर्ण केला तर पुढं शिकवणाऱ्यांत घेतात. मधल्या महिन्यांत बर्फ नसतो म्हणून चाकांवर सराव करायचा. गुडघे विसराळू असतात म्हणे.

दीपमालाने विचारलं, "आपल्याकडं गारा पडत्यात, तसलंच असतंय का ते?"

"गारा डोक्यावर पडत्यात आई. बर्फ पायाखाली असतोय."

फेब्रुवारीत मी 'जा' म्हणालो होतो. आताही 'जा' म्हणालो. मला 'नको' म्हणता येत नाही, असं दीपमाला म्हणते.

१७ जून

मी सांभाळतो त्या ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात बर्फाविषयी काही आहे का पाहिलं. एक कन्नड बालपुस्तक मिळालं. त्यात पेंग्विन आहेत. माणूस कुठेच नाही.

२३ जून

आज हायवेच्या सर्व्हिस रोडवर पहिला प्रयत्न. मी बरोबर गेलो. अर्धं गाव जमलं. कुत्री मागे लागली, एक ट्रकवाला हॉर्न वाजवत बाजूनेच चालवू लागला. चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, पोरीला पेट्रोल भरलाव की डिझेल?" मी मास्तर नाही, पण पुस्तकांजवळ बसतो म्हणून सगळे मास्तर म्हणतात.

शीलाने कुणाकडे पाहिलं नाही. पण खडीवर चाक अडलं आणि ती दोन्ही हातांवर पडली. घरी येताना बूट मी उचलले. वजनदार आहेत.

२५ जून

जगदेवप्पा ग्रंथालयात पेपर वाचायला येतात. त्यांची तुरीची डाळ मिल आहे. आज पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "प्रेमानंदा, पोरगी रस्त्यावर कामून फिरायलीय? मरायचंय का तिला? आमचं अंगण हाय की. नवी तूर येईपर्यंत रिकामंच पडलंय."

मिलमागचं ते अंगण मला माहीत आहे. तेलपाण्याने चोळलेली तूर उन्हात वाळवायला मोठा कोबा केलेला आहे. इतक्या वर्षांच्या तेलाने तो आरशासारखा झालाय. माझे वडील तिथे हमाली मागायला जायचे. फाटकाच्या आत त्यांना पोतं उचलण्यापुरतंच घ्यायचे. ते जगदेवप्पांच्या वडिलांच्या वेळचं.

मी म्हणालो, "बरं."

जगदेवप्पा म्हणाले, "बरं काय? थँक्यू म्हण की!" आणि हसले. ते असं का करतायत, ते मला नीट कळलं नाही. त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही.

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

वर्षावास सुरू झाला. विहारात वंदना झाली. नंतर नेहमीप्रमाणे मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे मी गोळा केले आणि घरी आणून बिस्किटाच्या डब्यात टाकले. डबा बुद्धमूर्तीच्या फळीवर, मूर्तीच्या मागे असतो. वीज गेली की उपयोगी पडतात. टाकून देणं जिवावर येतं.

संध्याकाळी मिलमध्ये गेलो. शीलाने तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे ओळीने मांडले होते आणि त्यांच्यामधून नागमोडी जात होती. ते मांडून देण्याचं काम आता माझं आहे.

मी विचारलं, "वळतीस कशी? हँडल तर न्हाई."

"वजनानं. उजवीकडं जायचं असलं की डाव्या पायावर भार द्यायचा. डावीकडं जायचं तर उजव्यावर."

"उलटं?"

"व्हय अप्पा, उलटंच. जिकडं जायचं तिकडंच झुकलं की माणूस पडतंय."

मी घरी येताना चालत करून पाहिलं. मला जमलं नाही. बसस्टँडवर दोघांनी विचारलं, पायात काटा मोडला का.

२ ऑगस्ट

तिसऱ्या दिवशीही पाऊस. कोबा ओला असला की चाकं चालत नाहीत. शीला घरातच भिंतीला पाठ लावून, खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखी बसते. मांड्या थरथरतात तरी उठत नाही. दीपमाला भाकरी थापताना म्हणाली, "बस बाई, दमलीस. पाट देऊ का?" दोघी इतक्या हसल्या की भाकरी करपली.

मी हसलो नाही. मला वाटलं, एवढं कशासाठी? पडायचं नाही म्हणून? पडायचं नसेल तर जायचंच कशाला?

हे विचार मी तिच्याजवळ बोलत नाही.

७ सप्टेंबर, भाद्रपद पौर्णिमा

विहारात भंतेजी आले होते. म्हणाले, हाताने काय झालं यापेक्षा ते करताना मनात काय होतं, तेच कर्म. चेतना पाहा. ऐकायला सोपं वाटलं.

शीलाने आज मला तिच्या मोबाइलवर बर्फ दाखवला. डोंगर पांढराशुभ्र, त्यावरून ठिपक्यासारखी माणसं खाली येतात. फळीखाली मेण लावतात म्हणे, इस्त्रीने पातळ करून. नाहीतर फळी बर्फाला चिकटून बसते, वेग येत नाही. हे मला फार आवडलं. आपल्याला ठाऊक असलेली एक तरी वस्तू तिथे आहे.

१९ ऑक्टोबर

दीपमालाचा भाऊ गुंडेराव भालकीहून आला. शीलासाठी स्थळ आहे. मुलगा उदगीरला बँकेत, धम्मातलंच घर, मागणंबिगणं काही नाही.

"दाजी, असलं स्थळ पुन्हा येणार न्हाई. पोरगी चाकं लावून फिरायलीय हे त्यांना कळायच्या आत उरकून टाका."

"कळलं तर काय होईल?"

"तुमाला काय, तुमी पुस्तकात राहता."

मी म्हणालो, येऊ दे त्यांना. शीला मिलमध्ये होती. घरी आल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, "पाहुणे येऊ द्या की. चहा करीन." आणि बूट काढू लागली.

२ नोव्हेंबर

पाहुणे येऊन गेले. माणसं चांगली आहेत. मुलगा कमी बोलतो. शीला घरात गेल्यावर त्याच्या वडिलांनी विचारलं, "मग जानेवारीत दुसऱ्या आठवड्यात साखरपुडा करायचा का?"

मी म्हणालो, "बरं."

नंतर शीला दारात येऊन उभी राहिली. "अप्पा, अकरा जानेवारीला माझी चाचणी हाय. तुम्ही त्यांना जानेवारी म्हणालाव?"

"म्हणालो. बघू पुढं."

"कुणी बघायचं?"

 ती बूट घेऊन मिलकडे गेली. मुलगा चांगला आहे, मला खरंच तसं वाटतं. तिनं हिमाचलला जावं असंही वाटतं. दोन्ही खरं कसं असेल?

५ नोव्हेंबर, कार्तिक पौर्णिमा

सकाळच्या वंदनेनंतर मेणाचे तुकडे घरी आणले. डबा काठोकाठ भरला. शीला आईबरोबर हुमनाबादला गेली होती. बूट पडवीत ठेवलेले होते.

एकदम मनात आलं, की बर्फावर मेण लागतं तर इथेही लागेलच. तीन दिवस ती माझ्याशी बोललेली नाही, तिच्यासाठी काहीतरी करावं. एक एक चाक फिरवत सगळ्या चाकांवर मेण घासलं. मऊ फडक्याने पुसून चकाकी आणली. घासताना त्रिशरण म्हणत होतो. हात आपोआप चालत होता, मन शांत होतं. इतकं शांत पुष्कळ दिवसांत नव्हतं.

तिला सांगणार नाही. वेग वाढला की तिलाच कळेल.

६ नोव्हेंबर

शीला पडली.

मी डबे मांडून देऊन कट्ट्यावर बसलो होतो. दोन-तीन फेऱ्या तिने हळू मारल्या, खाली पाहत. मग वेग घेतला आणि वळणावर दोन्ही पाय एकदम बाजूला निसटले. डाव्या गुडघ्यावर आदळली. आवाज मला अजून ऐकू येतोय.

जगदेवप्पांनी गाडी काढली. हुमनाबादच्या डॉक्टरांनी फोटो काढून पाहिलं. हाड शाबूत आहे, आतली शीर ताणली आहे. महिनाभर चाकं बंद.

घरी येईपर्यंत तिला विचारत होतो, पडलीस कशी? मला काही समजत नाही. अंगण तेच, डबे तेच, ती तीच. चाकं तर नेहमीपेक्षा चांगली होती.

७ नोव्हेंबर

शीला पाय लांब करून पडवीत बसली होती. बूट मागितले. मी म्हणालो, "आता त्याला हात कशाला लावायलीस?"

"बघू द्या."

तिने अंगठ्याच्या नखाने एक चाक खरवडलं. नखातलं नाकाशी नेऊन वास घेतला. मग आत, बुद्धमूर्तीच्या फळीकडे बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, मनात वंदना करत असेल.

नंतर आईकडून गरम पाणी, साबण आणि जुना टूथब्रश मागून घेतला आणि चाकं घासत बसली. अजून बरीच धूळ होती म्हणे. मी म्हणालो, "मी पुसली होती की." ती म्हणाली, "व्हय अप्पा. म्हाईत हाय."

जेवताना माझ्याशी बोलली. पाहुणे आल्यापासून पहिल्यांदाच. मीठ मागितलं, आणि मग म्हणाली, तुम्ही कट्ट्यावर येऊन बसता ते मला बरं वाटतं.

९ नोव्हेंबर

गुंडेराव विचारपूस करायला आला. "बरं झालं दाजी. थोडक्यात भागलं. आता हिमालय-फिमालय बंद. मी पाहुण्यांना पाय मुरगळला एवढंच सांगतो."

तो गेल्यावर मला हलकं वाटलं. मुलगी पाय धरून बसली आहे आणि बापाला हलकं वाटतंय. हे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगणार?

२४ नोव्हेंबर

जगदेवप्पांनी फोन करून बोलावलं. "प्रेमानंदा, जरा मिलकडं ये. कोब्यावर काय सांडलंय बघ. गड्यांनी धुतलं तरी निघत न्हाई."

ऊन कलतं होतं. कोब्यावर काळपट रेघा दिसत होत्या. जगदेवप्पांनी चपलेच्या टोकाने एक घासली. "मेण हाय बघ. धूळ चिकटून काळं झालंय. इथं कोण मेणबत्त्या लावला? नव्या तुरीला लागलं म्हणजे झालं कल्याण!"

मी रेघांच्या बाजूबाजूने चालत गेलो. डब्यांच्या जागा ओळखू येत होत्या. उजवं वळण, डावं वळण, पुन्हा उजवं. शीला कशी वळते ते मी पाच महिने पाहिलं होतं, पण असं काढलेलं कधी पाहिलं नव्हतं. फार सुरेख होतं. शेवटच्या वळणाशी दोन रेघा एकदम रुंद झाल्या होत्या, सरळ बाहेर गेल्या होत्या आणि भिंतीच्या अलीकडे संपल्या होत्या.

मी तिथे बसलो. जगदेवप्पा म्हणाले, "काय झालं रे? चक्कर आली का?"

"मीच लावलं, जगदेवप्पा. चाकांना. मला वाटलं वेग येईल."

त्यांनी रेघेवरून चप्पल मागे घेतली. "गाडीच्या टायरला कुणी मेण लावतंय का?"

"न्हाई."

"मग?"

 त्यांनी गड्याला हाक मारून खुरपं आणायला सांगितलं. एक खुरपं मला दिलं, एक स्वतः घेतलं. आम्ही दोघांनी मिळून रेघा खरवडून काढल्या.

२५ नोव्हेंबर

ग्रंथालयात दिवसभर बसून विचार केला. मी तिच्यासाठीच लावलं, यात शंका नाही. मग ५ तारखेलाच का सुचलं? मेणाचं मला सप्टेंबरपासून माहीत होतं. साखरपुड्याला 'बरं' म्हटल्यानंतर तीन दिवसांनीच का? आणि घासताना मन इतकं शांत का होतं?

भंतेजी म्हणाले होते, चेतना पाहा. पाहतोय. तळ दिसत नाही. मला तिला पाडायचं नव्हतं, हे मी कुठल्याही मूर्तीसमोर सांगेन. पण ती पडल्यावर हलकं वाटलं होतं, तेही याच वहीत माझ्याच अक्षरात आहे.

चार वाजता गुंडेरावला फोन केला. "जानेवारीत साखरपुडा होणार न्हाई."

"दाजी, तुमचं डोकं ठिकाणावर हाय का? त्यांनी हॉल बघितलाय!"

"त्यांना सांग, माझं चुकलं. पोरीला न विचारता हो म्हणालो. ती जाऊन आल्यावर तिला विचारायचं, मग ती काय सांगंल ते."

"पाय मोडलेली पोर कुठं जाणार हाय?"

"मोडला न्हाई, ताणलाय."

तो बरंच बोलला. दीपमाला शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा न्हाई म्हणालाव. तेबी माझ्या भावाला." रागाने म्हणाली की कसं, ते ओळखता आलं नाही. पण न मागता चहा दिला.

शीलाला साखरपुड्याचं सांगितलं. मेणाचं सांगायला गेलो आणि डाळीत मीठ कमी आहे एवढंच बोललो.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. विहारात गर्दी होती. वंदना झाल्यावर मेणाचे तुकडे उचलावेसे वाटले नाहीत. तिथेच राहू दिले.

डॉक्टरांनी चाकांना परवानगी दिली. संध्याकाळी मी डबे मांडले. शीला कोब्यावर आली पण पहिल्या डब्याशीच थांबली. गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. मी म्हणालो, "राहू दे आज." मग मीच म्हणालो, "न्हाई, जा. मी हाय इथं." कुठलं वाक्य माझं होतं?

ती गेली. फार हळू, पण शेवटच्या डब्यापर्यंत गेली.

२२ डिसेंबर

जगदेवप्पांच्या मिलमध्ये नवी तूर आली. उद्यापासून अंगण बंद. शेवटच्या फेरीला शीला पूर्ण वेगाने आली. शेवटच्या वळणावर मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती माझ्यासमोर उभी होती, धापा टाकत. "अप्पा, बघितलाव का?"

"बघितलं," म्हणालो. खोटं बोललो.

४ जानेवारी

उद्या तिची गाडी. सामान भरताना तिने हाक मारली. "अप्पा, तो मूर्तीमागचा बिस्किटाचा डबा द्या की. मेणाचा."

मी मूर्तीपाशी गेलो.

"तिथं विकतचं असतंय, पण हे न्यायचंय मला. फळीला लावीन. तिथं मेण लागतंय, अप्पा." ती बॅगेची चेन ओढत होती, माझ्याकडे पाहत नव्हती. "इथं चाकाला लागत न्हाई."

मी फळीवरून डबा काढला. तिच्या हातात देताना म्हणालो, "शीला, मी..."

"म्हाईत हाय. वास आला होता. विहाराचाच वास."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"तुम्हीच विचारत होतात ना, कशी पडली म्हणून. मग काय बोलायचं?"

तिने डबा स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवला.

५ जानेवारी

गुलबर्ग्याला तिला गाडीत बसवून दिलं. उस्तादांना माझा जयभीम सांग म्हणालो. ती म्हणाली, ते सरदारजी आहेत. मी म्हणालो, तरी सांग. गाडी हलली तेव्हा ती दारात होती. गुडघ्याला पट्टा बांधलेला दिसत होता. तिने जावं की न जावं, हे मी तेव्हाही स्वतःला विचारत होतो. हात मात्र जोरात हलवत होतो.

घरी येईपर्यंत संध्याकाळ झाली. बसलो न बसलो तोच वीज गेली. दीपमाला चाचपडत फळीकडे गेली. "मेणाचे तुकडे कुठं हायत?"

"बर्फाला गेले."

"सगळे?"

"सगळे."

तिने मूर्तीमागच्या रिकाम्या जागेवरून हात फिरवला. मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बरं झालं."

हे मी वीज आल्यावर लिहितोय.